तेराव्या रकान्यातली रिकामी जागा

मंगळवार, रात्र

पडद्यावर प्रथिनाची रिबन (फितीसारखी आकृती) उमटण्याऐवजी सुटे गोळे विखुरले, की संशय आधी सॉफ्टवेअरवर जातो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. रेणूंची रचना दाखवणारं पायमॉल असो की व्हीएमडी, आधी रचनेची पीडीबी फाईल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडावी, सगळी अक्षरं सारख्या रुंदीची दिसतील असा फॉन्ट लावावा आणि रकाने मोजावेत.

पीडीबी फाईलमध्ये, म्हणजे प्रोटीन डेटा बँक या प्रथिनरचनांच्या संग्रहाच्या जुन्या साच्यातल्या, अणूमागे एक ओळ असलेल्या फाईलमध्ये, स्पेस किंवा टॅब पाहून आकडे वेगळे होत नाहीत. ८० अक्षरांच्या ओळीत ज्याची त्याची जागा ठरलेली. पंचकार्डांच्या काळाचा हा वारसा. अणूचं नाव १३ ते १६ मध्ये. तिथे ‘सी’ १४व्या आणि ‘ए’ १५व्या रकान्यात असेल तर तो अल्फा कार्बन, म्हणजे अमिनो आम्लाचा मधला कार्बन. हीच जोडी १३-१४ मध्ये सरकली, की कॅल्शियम! मूलद्रव्याची खूण ७७-७८ मध्ये असते, तिच्यामुळे हा घोळ टळतो. पण ओळीचं शेपूट छाटणाऱ्या स्क्रिप्ट तीच खूण घालवतात, आणि मग प्रोग्रामला नावावरून अंदाज बांधावा लागतो.

त्याहून फसवी गोष्ट अणूची जागा सांगणाऱ्या निर्देशांकांची. एक्स ३१-३८, वाय ३९-४६, झेड ४७-५४. वायची किंमत -१०४.३३७ असेल तर आठही जागा भरतात आणि ती एक्सला चिकटते: १२.०११-१०४.३३७. फाईल बरोबरच असते. स्पेसवर ओळ तोडणारी स्क्रिप्ट मात्र दोन्ही मिळून एकच आकडा समजते आणि पुढचं सगळं एक घर मागे येतं. पायथनमध्ये ओळ ३० ते ३८, ३८ ते ४६, ४६ ते ५४ अशी कापावी. तिथे मोजणी शून्यापासून असते.

रायबोसोमसारखी मोठी रचना या साच्यात कोंबूच नये. अणुक्रमांकाला पाच जागा, म्हणजे ९९,९९९ नंतर वाट बंद. साखळीच्या नावाला तर एकच अक्षर. एमएमसीआयएफ या नव्या साच्याला ही बंधनं नाहीत, आणि २०१४ पासून प्रोटीन डेटा बँकेचा मुख्य साचा तोच आहे. थेट तीच फाईल उतरवावी.

दुरुस्तीनंतर लागोपाठच्या दोन अल्फा कार्बनमधलं अंतर मोजायचं. साधारण ३.८ अँगस्ट्रॉम यायला हवं. क्वचित एखाद्या सिस बंधापाशी, म्हणजे दोन्ही अल्फा कार्बन बंधाच्या एकाच बाजूला असतात तिथे, २.९ च्या आसपास दिसेल, ते ठीक. सगळीकडेच आकडे भलतेसलते आले, तर पुन्हा ३१व्या रकान्यापासून.