बापाचं नाव तर पाहा

यावल तालुक्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेचं जुनं जनरल रजिस्टर उघडा. जन्मतारखेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत १ जून, १ जून, १ जून. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पहिलीत घ्यायला वय भरलेलं लागायचं, आणि घरचे सांगायचे, "पोळ्याच्या आधी झाला, त्या साली लई पाऊस होता." मग गुरुजी वय बसेल असं वर्ष धरून १ जून लिहायचे. त्या रजिस्टरवरून शाळा सोडल्याचा दाखला, दाखल्यावरून पासपोर्ट, पासपोर्टवरून व्हिसा. आमच्या भागातली कितीतरी मुलं याच तारखेवर जगभर फिरत आहेत.

त्यात आडनाव पाटील. लेव्यांत पाटील, मराठ्यांत पाटील, गुजरांत पाटील. मी मुख्याध्यापक होते तेव्हा एका वर्गात एकाच नावाचे दोन-तीन पाटील असणं नेहमीचं होतं. हजेरी घेताना आम्ही बापाच्या नावानिशी हाक मारायचो, आणि कधी गोंधळ झाला नाही.

हे सगळं सांगायचं कारण माझा भाचा. त्याचं नाव मी लिहिणार नाही, त्याच्या वकीलबाईंनी तसं सांगितलं आहे. तो टेक्सासमध्ये नोकरी करतो, एच-१बी व्हिसावर, सगळे कागद चोख. एका शनिवारी रात्री गाडीचा मागचा दिवा बंद होता म्हणून पोलिसांनी त्याला थांबवलं. नाव आणि जन्मतारीख टाकल्यावर स्क्रीनवर वॉरंट आलं. वाहतुकीच्या कुठल्याशा केसमध्ये कोर्टात हजर न राहिलेल्या एका पाटलाचं. तेच पहिलं नाव, तेच आडनाव, तीच १ जून, वर्षही तेच. बापाचं नाव वेगळं. पण तिकडे मधलं नाव म्हणजे असलं तर ठीक, नसलं तरी ठीक अशी गोष्ट, त्यामुळे त्याकडे कोणी पाहिलंच नाही.

काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, जेलमध्ये नोंद करताना तिथल्या कारकुनाने नवीन नोंद उघडण्याऐवजी यादीतली जुनी नोंद निवडली. ती त्या दुसऱ्या पाटलाची. आणि तो दुसरा पाटील व्हिसाची मुदत संपूनही तिकडे राहिलेला. झालं, भाच्याच्या नावापुढे इमिग्रेशनचा होल्ड लागला.

आम्हाला हे कळलं ते त्याच्या रूममेटमुळे. जेलमधून भारतात फोन लागत नाही. रूममेटने काउंटीच्या वेबसाइटवरची कैद्यांची यादी पाठवली. तिथे अटक झालेल्या माणसाचा फोटो, आरोप, जामिनाची रक्कम, सगळं कोणालाही दिसतं. ताईने मोबाइलवर पोराचा तो फोटो पाहिला, पाठीमागे राखाडी भिंत, केस विस्कटलेले. खाली होल्डची ओळ. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण आपल्या पोराचं नाव कसं दिसतं ते येतं. नावात बापाचं नाव नव्हतं, हे तिनेच पहिल्यांदा सांगितलं. "त्यायले म्हना, बापाचं नाव तं पाहा!" आमच्या सगळ्या वकिली धावपळीचा मुद्दा तिने त्या एका वाक्यात सांगून टाकला होता.

आता हा होल्ड काय असतो ते नीट सांगते, कारण रावेर, सावदा, चोपड्याकडच्या घरांतून मला याबद्दल फोन येतात आणि माणसं अर्धवट माहितीवर पैसे भरून बसतात.

अमेरिकेत स्थानिक जेलमध्ये कोणालाही आणलं की बोटांचे ठसे घेतात. ते ठसे एफबीआयकडे जातात आणि तिथून आपोआप इमिग्रेशनच्या खात्याकडे. ही पद्धत २००८ मध्ये सुरू झाली आणि २०१३ पर्यंत देशभर पोहोचली. मधे तिचं नाव बदललं, २०१७ मध्ये पुन्हा जुनं नाव आलं, ठसे जाणं मात्र चालूच राहिलं. ठसे किंवा नोंद पाहून इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला वाटलं की हा माणूस देशाबाहेर काढण्याजोगा आहे, तर तो जेलला एक फॉर्म पाठवतो, आय-२४७ए. त्यात विनंती असते की हा माणूस तुमच्या केसमधून सुटण्याजोगा झाला तरी आणखी ४८ तासांपर्यंत धरून ठेवा, आम्ही न्यायला येतो. नियमाच्या मूळ शब्दांत शनिवार, रविवार आणि सुट्ट्या या ४८ तासांत धरलेल्या नाहीत. सोबत वॉरंट जोडलेलं असतं, पण त्यावर सही इमिग्रेशनच्याच अधिकाऱ्याची. न्यायाधीश ते पाहतही नाही. आपल्याकडे अटक झाल्यावर २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं, राज्यघटनेच्या कलम २२ मध्येच ते लिहिलंय. ते गृहीत धरून माझे मेहुणे सारखे विचारत होते, "जज्जसमोर कधी नेतील?" या होल्डसाठी कोणी जज्जसमोर नेणारच नव्हतं.

ही विनंती आहे, हुकूम नाही, हे तिथल्या एका केंद्रीय अपील कोर्टाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं. ती केस गलार्झा नावाच्या माणसाची. न्यू जर्सीत जन्मलेला, म्हणजे जन्माने अमेरिकन, पाकिटात लायसन्स होतं, सोशल सिक्युरिटीचं कार्ड होतं. तरी २००८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिहाय काउंटीच्या जेलमध्ये त्याला जामिनानंतरही शनिवार-रविवार धरून ठेवलं. सोमवारी चौकशी झाली तेव्हा सोडलं.

पण टेक्सासची गोष्ट निराळी. तिथे २०१७ च्या राज्याच्या कायद्याने, ज्याला सिनेट बिल ४ म्हणतात, जेलना हे होल्ड पाळणं सक्तीचं केलंय. आमच्या वकीलबाईंनी त्याच कायद्यातली दुसरी ओळ शोधून काढली. माणसाने नागरिकत्वाचा किंवा कायदेशीर वास्तव्याचा पुरावा दिला, जसं टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स, तर जेलवर ही सक्ती राहत नाही. भाच्याचं लायसन्स जेलच्याच ताब्यात होतं, त्याच्या पाकिटात, सीलबंद पिशवीत. त्यावर बापाचं नाव छापलेलं होतं!

मला राग आला तो इथे. ज्याने जुनी नोंद निवडली त्याच्यापासून काही हातांवर ते लायसन्स होतं. ठसेही भाच्याचेच होते, मुंबईत व्हिसा काढताना दिलेले, आणि ते बरोबर त्याच्या वैध व्हिसाच्या नोंदीशीच जुळले होते. म्हणजे मशीन खरं सांगत होतं. माणसाने मात्र नावावर विश्वास ठेवला. मी आयुष्यभर रजिस्टरं सांभाळली आहेत. दाखला लिहिताना विद्यार्थ्याचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव, जन्मगाव, तालुका, रजिस्टर क्रमांक, इतकं पडताळल्याशिवाय सही करायची नाही ही शिस्त एका प्राथमिक शाळेत पाळता येते. मग जिथे माणसाला कोंडायचं आहे तिथे का पाळता येऊ नये?

बापाच्या नावावरून याहून भयंकर झालेलं आहे. डेव्हिनो वॉटसन नावाचा तरुण. वडील अमेरिकन नागरिक झाले तेव्हा तो अल्पवयीन होता आणि त्यांच्यासोबत राहत होता, म्हणून तोही नागरिक. त्याने अधिकाऱ्यांना वडिलांचं नाव, फोन नंबर, सगळं दिलं. अधिकाऱ्यांनी भलत्याच होपटन वॉटसनची फाइल काढली. मधलं नाव वेगळं, राज्य वेगळं, खरे वडील न्यू यॉर्कला तर हा माणूस कनेक्टिकटचा, आणि तो नागरिक नव्हता. त्यावरून मुलगाही नागरिक नाही असं ठरवलं. २००८ ते २०११, साडेतीन वर्षांच्या आसपास तो कोठडीत होता. पुढे कोर्टाने त्याला ८२,५०० डॉलर भरपाई मंजूर केली, ती २०१७ मध्ये अपिलात रद्द झाली, कारण दावा मुदतीत लावला नव्हता. ज्या काळात मुदत संपत होती त्यातला बराच काळ तो आत होता. हे मी वाचलं त्या रात्री ताईला सांगितलं नाही.

आमच्याकडून कागद पाठवायचे होते, आणि तिथे एक पेच पडला. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत भाच्याची खरी तारीख आहे, दिवाळीनंतरची. पासपोर्टवर १ जून. ताईचं म्हणणं, खरी तारीख पाठवा, म्हणजे तो दुसरा पाटील वेगळा पडेल. ऐकायला बरोबर वाटतं. पण वकीलबाई म्हणाल्या, आत्ता पासपोर्टशी न जुळणारी एक तारीख पुढे आली तर तेवढंच धरून बसतील. मी दोन्ही कागद स्कॅन करून त्यांना दिले, काही लपवलं नाही, आणि काय वापरायचं ते त्यांच्यावर सोडलं. त्यांनी पासपोर्टची पानं, व्हिसाची मंजुरी, शाळा सोडल्याचा दाखला आणि जनरल रजिस्टरचा उतारा लावला. उताऱ्यात बापाचं पूर्ण नाव आणि जन्मगाव स्पष्ट होतं. आताच्या मुख्याध्यापकांनी रविवारी शाळा उघडून तो दिला, जळगावला नोटरीनेही त्याच दिवशी घरून काम करून दिलं. असे लोक आहेत म्हणून निभावतं.

पैशांचं सांगते. जामिनाची रक्कम दिसली की घरचे ती भरायला धावतात. आपल्यासाठी जामीन भरणारी बाँड कंपनी साधारण दहा टक्के घेते आणि ते परत मिळत नाहीत. पण होल्ड असताना जामीन भरला तर माणूस घरी येत नाही. स्थानिक केसमधून तो सुटला असं धरून ते ४८ तास सुरू होतात, आणि त्यात इमिग्रेशनवाले आले तर तो दुसऱ्याच गावच्या कोठडीत जातो. म्हणून आधी जेलला विचारा, होल्ड आहे का, आणि फॉर्मची प्रत मागा. ती प्रत कैद्याला द्यायची असते. त्यावर नाव, जन्मतारीख, देश आणि फाइल क्रमांक असतो. आमच्या प्रतीवरचा क्रमांक दुसऱ्या पाटलाचा होता, हे वकीलबाईंना तिथेच दिसलं. फौजदारी वकील आणि इमिग्रेशनचा वकील, दोघांशी बोला. फौजदारीवाला जामिनाचं पाहतो, त्याला दुसरी बाजू माहीत असेलच असं नाही.

दूतावासालाही कळवता येतं. १९६३ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे परदेशी कैद्याला आपल्या वाणिज्य दूतावासाला कळवा असं म्हणण्याचा हक्क आहे, आणि टेक्सास ह्यूस्टनच्या कार्यालयाकडे येतं. ते वकील नसतात, पासपोर्टची खात्री मात्र त्यांनी दिली की वजन येतं.

होल्ड मागे घेतला गेला, वॉरंटही त्याचं नव्हतं हे नोंदलं गेलं, भाचा सुटला. पण अटकेची नोंद राहते. पुढे व्हिसाच्या प्रत्येक अर्जात अटक झाली होती का हा प्रश्न येतो आणि उत्तर हो असंच द्यावं लागतं. सोबत कोर्टाचं शिक्क्याचं निकालपत्रक जोडायचं. त्याने ते मागवून दोन प्रती केल्या, एक तिकडे, एक ताईच्या कपाटात. त्या दुसऱ्या पाटलाच्या नोंदीला जोडलेला भाच्याचा फोटो वेगळा करण्याचा अर्ज अजून चालू आहे.

ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांनी एवढं करा. पासपोर्ट, व्हिसा, दाखला, रजिस्टरचा उतारा यांचे स्कॅन एका ईमेलमध्ये मुलाकडे, घरी आणि तिथल्या एका मित्राकडे ठेवा. मुलाला सांगा, लायसन्सवर आणि प्रत्येक फॉर्मवर बापाचं नाव पूर्ण लिही, नुसतं अक्षर नको. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो आधी भरून घ्या, नाहीतर व्हिसावर नावाच्या जागी "एफएनयू" (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे नाव माहीत नाही) छापून येतं आणि तशी माणसं तर हजारोंनी आहेत. रजिस्टरचा उतारा कसा मागायचा हे कोणाला अडलं तर मला विचारा. यावल आणि रावेरच्या बहुतेक शाळांत माझ्या ओळखीचं कोणी ना कोणी आहे.