जेवायची सुट्टी ही मेहरबानी नाही

दुकानांत काम करणाऱ्यांच्या जेवायच्या सुट्टीबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी नागपुरात कामगारांच्या बाजूने वकिली करते. सीताबर्डीच्या कापडदुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुली भेटल्या की एक प्रश्न हमखास येतो: "ताई, जेवाची सुट्टी आमच्या हक्काची असते का जी?"

असते. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानांसाठी 2017 चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा आला. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यायची, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे सकाळी दहाला शटर उघडलं तर तीनच्या आत डबा उघडायलाच हवा होता.

अडचण पुढेच आहे. बहुतेक मालक सुट्टी देत नाही असं म्हणतच नाहीत. "जेवा ना, कोणी अडवलं?" असं म्हणतात, आणि गिऱ्हाईक आलं की हाक मारतात. लगनसराईत तर दुपारभर गिऱ्हाईक. वरण-भातावर झाकण ठेवून शालू उलगडायला धावायचं, परत येऊन गार घास गिळायचा, पुन्हा धावायचं. असे तुकडे जोडून अर्धा तास भरतो, हे मी मानत नाही. ज्या वेळात तुम्हाला हाक येऊ शकते, तो वेळ दुकानाचाच आहे. पाळीपाळीने चौघींना सोडलं तर काउंटर ओस पडत नाही, हे प्रत्येक मालकाला ठाऊक असतं.

ही मागणी काल-परवाची नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने सरकारपुढे मागण्या मांडल्या. त्यांत रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारची अर्ध्या तासाची सुट्टीही होती. आपल्या नागपुरात एम्प्रेस मिल तेव्हा सात वर्षांची झाली होती. दुपारची ती सुट्टी 1891 च्या कारखाना कायद्यात आली.

म्हणूनच 2025 मधला बदल मला खुपतो. सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने दुकानांतल्या कामाची रोजची मर्यादा नऊवरून दहा तासांवर न्यायला आणि कायदा वीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांपुरता ठेवायला मंजुरी दिली. इतवारीतल्या गल्ल्यांत बारा-पंधरा माणसांची दुकानं किती असतील, बघा. तिथल्या मुलींना मी आता काय सांगू?

लहान बाळ असलेल्या मुलींना मात्र आणखी एक गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण ती त्यांना कोणीच सांगत नाही. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्याने बाळंतपणानंतर कामावर परतलेल्या आईला, बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत, रोज दोन वेगळ्या सुट्ट्या दिल्या, बाळाला पाजण्यासाठी. त्या जेवणाच्या सुट्टीत धरायच्या नाहीत.

तक्रार करायची असेल तर आधी वही घ्या. तारीख, जेवायला कधी बसलात, कोणी उठवलं, परत कधी बसलात, हे त्याच दिवशी लिहा. दुकानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे निरोप पुसू नका. आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयात एकटीने जाऊ नका. एकटीला कामावरून काढणं मालकाला सोपं जातं, सहाजणींना काढून लगनसराईत दुकान चालवणं जड जातं.