‘उद्यापासून जाऊ नकोस’

कॉलेज रोडवरच्या एखाद्या कॅफेत काम करणारी अकरावीतली मुलगी घरी येऊन म्हणते, ‘‘आई, तो मॅनेजर विचित्र वागतो.’’ नाशिकच्या बहुतेक घरांत यावर एकच उत्तर मिळतं, ‘‘उद्यापासून जाऊ नकोस.’’ क्लासमध्ये कुणी त्रास देतं म्हटलं की क्लास बंद. इन्स्टावर कुणी घाणेरडा मेसेज टाकला की मोबाइल थेट कपाटात. हेतू चांगलाच असतो. पण मुलीच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसतो, की तोंड उघडलं की आपलंच काहीतरी जातं. पुढच्या वेळी ती सांगत नाही.

हे मी अमेरिकेतून लिहीत आहे. इथली माणसं काही जास्त सज्जन नाहीत. इथेही पंधरा-सोळा वर्षांची मुलं आइस्क्रीमच्या दुकानात आणि पिझ्झाच्या किचनमध्ये नको ते सोसतात, आणि शिफ्ट लावणारा माणूसच त्रास देणारा असला तर गप्प बसतात. पण इथल्या नियमांत एक गोष्ट घट्ट विणलेली आहे. तक्रार करणाऱ्याचं नुकसान होऊ द्यायचं नाही, आणि ते केलंच तर तो वेगळा कायदेभंग धरायचा. तक्रारीनंतर मुलीचे कामाचे तास कमी केले, तर मूळ छळ सिद्ध होवो न होवो, सूड घेतल्याबद्दल मालक अडकू शकतो.

शाळांसाठी इथे १९७२ चा ‘टायटल नाइन’ हा लिंगभेदाविरुद्धचा कायदा आहे. केंद्राचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक शाळेला त्याखाली एक समन्वयक नेमावा लागतो आणि त्याचं नाव, फोन, ईमेल वेबसाइटवर टाकावं लागतं. बारावीपर्यंतच्या शाळेत कुठल्याही कर्मचाऱ्याला, अगदी ग्रंथपालाला, लैंगिक छळाबद्दल कळलं की ते शाळेला कळलं असं धरतात. मुलीने औपचारिक तक्रार केली नाही तरी तिला मदत द्यावी लागते, तीही फुकट. वर्ग बदलून देणं, परीक्षेची मुदत वाढवणं, दोघांचा आमनासामना टाळणं अशी ही मदत असते. विद्यार्थ्यानेच विद्यार्थिनीला छळलं आणि शाळेने जाणूनबुजून डोळेझाक केली तर शाळाही जबाबदार ठरू शकते, हे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये डेव्हिस विरुद्ध मन्रो काउंटी खटल्यात सांगितलं. ती मुलगी पाचवीत होती. साध्या दादागिरीसाठी मात्र केंद्राचा वेगळा कायदा नाही. राज्यांनी आपापले केले, सगळ्यात शेवटी मोंटानाने, २०१५ मध्ये.

नोकरीच्या बाजूला १९६४ चा नागरी हक्क कायदा आहे. तो पंधरा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागू होतो. कॅलिफोर्नियासारख्या राज्याचा स्वतःचा छळविरोधी कायदा एकच माणूस कामाला असला तरी लागतो. केंद्राच्या समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रारीची मुदत १८० दिवस, आणि राज्यातही तसा कायदा असेल तर ३०० दिवस. कॅलिफोर्नियात अठराखालच्या मुलांना कामाचा परवाना शाळेकडून घ्यावा लागतो, त्यामुळे मूल कुठे आणि किती तास राबतंय हे शाळेला माहीत असतं. नाशिकला असा कागद नसला तरी घरच्या घरी करता येतो. मालकाचं पूर्ण नाव, दुकानाचा पत्ता, कामाचे तास, कुणाच्या हाताखाली काम आणि पगार कसा मिळतो, एवढं पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवायचं. पुढे तक्रार करायची वेळ आली तर निम्मी माहिती तयार असते.

आता आपल्याकडचं. कायदे कमी नाहीत. काही बाबतीत ते इथल्यापेक्षा कडक आहेत, पण कुठल्या दारावर जायचं हेच घरात कुणाला ठाऊक नसतं.

वय अठराच्या आत असेल तर पहिला कायदा पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचं संरक्षण करणारा, २०१२ चा. मुलगा असो की मुलगी, दोघांनाही लागू. अंगाला हात लावलाच पाहिजे असं नाही. लैंगिक हेतूने शेरे मारणं, हावभाव करणं, अश्लील काही दाखवणं, सतत पाठलाग करणं किंवा मेसेज करत राहणं हेही कलम ११ मध्ये बसतं आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. कलम १९ प्रमाणे ज्याला हे कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापकाने किंवा कंपनीच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर त्यालाच एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणून शिक्षकांनी आणि मावशी-मामांनी ‘‘कुणाला सांगणार नाही, शप्पथ’’ असं वचन देऊ नये, ते पाळता येत नाही. ‘‘ज्यांना सांगावंच लागेल त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला विचारून’’ हे खरं वाक्य आहे.

पोलीस म्हटलं की घरच्यांचे पाय गळतात. पण या कायद्यात मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा तो म्हणेल त्या जागी घेतात, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या महिला अधिकारी घेतात, आणि त्या वेळी अंगावर गणवेश नसतो. आई-वडील किंवा विश्वासातलं माणूस सोबत बसतं. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाची तक्रार खोटी निघाली तरी मुलाला शिक्षा नाही. घटना सिन्नरला झाली आणि तुम्ही पंचवटीत राहता, तरी जवळच्या ठाण्यात नोंद घ्यावीच लागते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर ‘झिरो एफआयआर’ हे दोन शब्द उच्चारायचे. ठाण्यात जायचा धीर नसेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, आणि तातडीला ११२.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा पॉश कायदा आहे. यात स्त्रीच्या वयाची अट नाही, सोळा वर्षांची मुलगीही त्यात येते. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी. कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. नाशिकसाठी महत्त्वाची ही दुसरी. मोबाइलचं दुकान, ब्यूटी पार्लर, लग्नातलं केटरिंग, निफाड-दिंडोरीकडची छोटी द्राक्ष पॅकहाऊसेस, यांत समिती कुठून असणार? जिल्ह्याच्या गावी जाणं जमत नसेल तर तालुक्यात नोडल अधिकारी असतो. त्याने सात दिवसांत तक्रार स्थानिक समितीकडे पाठवायची असते. मुदत मात्र अमेरिकेपेक्षा खूपच कमी, शेवटच्या घटनेपासून तीन महिने. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. ‘‘परीक्षा होऊ दे, मग बघू’’ म्हणणारी घरं इथेच फसतात.

चौकशी चालू असताना मुलीने लेखी मागितलं तर समिती तिची किंवा त्याची बदली सुचवू शकते, आणि तीन महिन्यांपर्यंतची जादा रजाही. मागताना ‘त्याला हलवा’ असंच स्पष्ट लिहावं. नाही तर सोयीचं म्हणून मुलीलाच हलवतात. गिऱ्हाईक त्रास देत असेल तर ‘‘तो आपला माणूस नाही’’ म्हणून मालकाला हात झटकता येत नाहीत. कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या लोकांपासूनही सुरक्षितता देणं त्याचं काम आहे. तडजोड फक्त मुलीने मागितली तरच, आणि पैसे घेऊन कधीच नाही. पोक्सोच्या प्रकरणात तर मिटवामिटवीला जागाच नाही.

एक उणीव सांगायलाच हवी. पॉश फक्त स्त्रियांसाठी आहे. एकोणीस वर्षांच्या डिलिव्हरी बॉयला गोदामात कुणी छळलं तर हा कायदा त्याच्या कामाचा नाही. कॉलेजात शिकत असेल तर तिथे विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) २०१५ चे नियम मुलांनाही सामावून घेतात. नोकरीत कंपनीचे स्वतःचे नियम आणि पोलीस, एवढंच हाताशी उरतं.

दादागिरी लैंगिक नसेल, नुसतीच टवाळी आणि धाकदपटशा असेल, तर महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा काढून वाचा. तो मेडिकल-इंजिनिअरिंगच्या होस्टेलपुरता आहे असा सार्वत्रिक समज आहे आणि तो चुकीचा आहे. व्याख्येत खासगी शिकवणी वर्ग आणि वसतिगृहंही येतात, आणि चिडवणं, शिवीगाळ, धमकावणं हेही येतं. लेखी तक्रार मिळाल्यावर प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. गंगापूर रोडवरच्या क्लासचालकांनी हा कायदा भिंतीवर टॉपर्सच्या फोटोंशेजारी लावला तर बरं होईल.

कामाच्या वेळेचा नियमही हत्यार म्हणून वापरता येतो. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना दुकान-हॉटेलात संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम देता येत नाही. दिवसाला विश्रांती धरून सहा तास, आठवड्याची सुट्टी, ओव्हरटाइम नाही. ‘‘थांब, दुकान बंद झाल्यावर हिशेब करू’’ हे वाक्य सोळा वर्षांच्या मुलीला रात्री साडेनऊला ऐकवलं जातं तेव्हा छळाच्या आधीच एक नियम मोडलेला असतो. २०२७ च्या सिंहस्थात तात्पुरत्या कामांची रीघ लागेल, तेव्हा हे लक्षात असू द्या.

मुलं ‘लैंगिक छळ’ हा शब्द वापरत नाहीत. आपल्या भाषेने त्याला छेडछाड, मस्करी, लाइन मारणं अशी गोंडस नावं देऊन ठेवली आहेत. मुलं म्हणतात, ‘‘तिथे बोअर होतं’’, ‘‘पोट दुखतंय’’, ‘‘मला तो रस्ता नको’’. तेव्हा ऐकणाऱ्याने चारच गोष्टी विचाराव्यात. काय झालं, कुठे, कधी, आणि तिथे आणखी कोण होतं. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न विचारू नये. ‘‘तू का गेलीस?’’ हा आरोपच वाटतो. आणि एकदा ऐकलं की बाबांसमोर, मग काकांसमोर पुन्हा वदवून घेऊ नये. प्रत्येक वेळी तपशील थोडा बदलतो आणि पुढे उलटतपासणीत तोच धरला जातो.

पुरावा पुसला जातो तो रागाच्या भरात. चॅट डिलीट करू नका, अकाउंट बंद करू नका. स्क्रीनशॉटमध्ये युजरनेम, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. डिस्प्ले नेम कधीही बदलतं, म्हणून प्रोफाइलची लिंकही उतरवून घ्या. हे झाल्यावरच ब्लॉक करा. फोटो व्हायरल करायची धमकी देऊन पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका, दिला की मागणी वाढते. सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

अल्पवयीन मुलाचा नग्न फोटो असेल तर तो पुरावा म्हणूनही कुणाला फॉरवर्ड करू नका, तो पाठवणं हाच गुन्हा आहे. फोन जसाच्या तसा पोलिसांना दाखवा. असा फोटो नेटवरून काढायला ‘टेक इट डाउन’ ही अमेरिकेतली मोफत सेवा भारतातूनही वापरता येते. फोटो फोनबाहेर जात नाही. त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो जुळवून फोटो हटवतात. व्हॉट्सअॅपसारख्या एन्क्रिप्टेड चॅटवर, म्हणजे जिथले मेसेज मध्ये कंपनीलाही वाचता येत नाहीत तिथे, मात्र ती चालत नाही.

शेवटी कागद. पॉशची तक्रार सहा प्रतींत द्यायची, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. लिहिता येत नसेल तर समितीने लिहून द्यायला मदत करायची आहे. शाळा-क्लासला साधं पत्र पुरतं. ‘‘अमुक तारखेला, इतक्या वाजता, अमुक ठिकाणी, अमुकने असं केलं, असं म्हटलं. मला अमुक हवं आहे.’’ त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, शिवी असली तरी. ‘असभ्य वर्तन’ असं लिहून भागत नाही. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती त्याच वहीत चिकटवा, जिच्यात पहिल्या दिवशी मालकाचं नाव लिहिलं होतं.