लास पिन्यासचा बांबूचा ऑर्गन

फिलिपिन्सला, मनिलाला जायचं ठरलं तेव्हाच मी मावसभावाला सांगून ठेवलं होतं, बाकी काही दाखव न दाखव, लास पिन्यासचं चर्च मला बघायचंच आहे. तो मनिलाजवळच्या मकाती शहरात राहतो, नोकरीसाठी गेलाय. म्हणाला, "ताई, जुनी चर्च इथं ढीगभर आहेत, त्याच्यासाठी एवढ्या ट्रॅफिकमधून कशाला जायचं?" मग मी त्याला सांगितलं की त्या चर्चमध्ये ऑर्गन आहे, म्हणजे भात्याच्या हवेने नळ्या वाजवणारं मोठं वाद्य, तेही बांबूचं, दोनशे वर्षांपूर्वीचं, आणि ते अजून वाजतं. आम्ही दोघं सिंधुदुर्गातले, घरामागे माणगा बांबूची बेटं बघत वाढलेलो, बांबूचं काय होतं ते आम्हाला माहितीय, चुकीच्या वेळी तोडलेला बांबू वर्षभरात भुंगा लागून पिठासारखा झडतो. दोनशे वर्षं म्हटल्यावर तो लगेच म्हणाला, मी पण येतो.

लास पिन्यास मनिलाच्या दक्षिणेला, आता शहरातच मिसळून गेलंय, पूर्वी मिठागरांचं गाव होतं. जीपनी, म्हणजे तिथल्या जीपसारख्या प्रवासी गाड्या, त्या बनवणारा 'साराओ' हा प्रसिद्ध कारखानासुद्धा इथलाच. आम्ही गाडी बुक करून गेलो, उन्हाने आणि हॉर्नने डोकं उठलं होतं, आणि एका वळणावर अचानक झाडं आणि मागे ते जुन्या दगडांचं चर्च. सेंट जोसेफचं चर्च. आत लग्न चालू होतं म्हणून तासभर बाहेर थांबलो, पण ते बरंच झालं, कारण लग्न संपताना वरून ऑर्गन वाजला आणि मला पहिल्यांदा तो दिसला नाही, नुसता ऐकू आला. मी मोठ्या चर्चमधले ऑर्गन रेकॉर्डिंगमध्ये ऐकलेत, छातीत घुमणारा आवाज असतो तो. हा तसा नव्हताच. मऊ होता, श्वास लागल्यासारखा, आधी वाटलं कुणीतरी दहावीस बासऱ्या एकदम वाजवतंय.

मग तिकीट काढून, गाईडबरोबर अरुंद जिन्याने वर गेलो. ऑर्गन चर्चच्या मागच्या बाजूला, दारावरच्या गॅलरीत आहे. आणि समोर उभं राहिल्यावर पहिलं काय जाणवतं तर पेरं. एकाशेजारी एक उभे बांबू, मधाच्या रंगाचे, आणि प्रत्येकावर पेराच्या गाठी स्पष्ट, कुठे लपवलेल्या नाहीत, घासून सपाट केलेल्या नाहीत. खालच्या बाजूला प्रत्येक नळीला एक काप, बासरीपेक्षा शिट्टीला असतो तसा. गाईडने बाजूची एक सुटी नळी दाखवायला हातात दिली. मी आतून बघितलं, पेराचे पडदे काढून टाकलेले, आरपार उजेड. आमचा माणगा जवळजवळ भरीव असतो, म्हणून तो काठीला, मांडवाला चालतो, त्याची अशी नळी होणारच नाही. हा पोकळ बांबू, आपल्याकडच्या कळकासारखा. हलका इतका की हातात काही आहे असं वाटेना. आणि या बांबूंच्या मधून, आमच्या डोक्यावर थेट समोर रोखलेले धातूचे कर्णे, आडवे, ओळीने, देवळात पालखीपुढे तुताऱ्या धरतात तसे. स्पॅनिश ऑर्गनची ही पद्धतच आहे, कर्णे आडवे लावायचे म्हणजे आवाज सरळ लोकांच्या अंगावर जातो.

एकूण १०३१ नळ्या, त्यातल्या ९०२ बांबूच्या आणि १२९ धातूच्या. हा आकडा मी आधी वाचला होता, पण समोर बघताना जे दिसतं ते त्यातलं थोडंसंच असतं, बाकीच्या नळ्या आत, रांगारांगांनी, काही करंगळीएवढ्यासुद्धा.

हे केलं कुणी तर दिएगो सेरा नावाच्या स्पॅनिश पाद्रीबाबांनी. १७९५ मध्ये ते इथे आले, तेव्हा हे मच्छीमारांचं आणि शेतकऱ्यांचं छोटं गाव होतं. माणूस नुसता प्रार्थना सांगणारा नव्हता, ऑर्गन बांधायची विद्या त्यांच्या हातात होती. चर्चचं बांधकाम त्यांनीच करून घेतलं आणि ते होत असतानाच १८१६ मध्ये ऑर्गनसाठी बांबू तोडले. आणि इथे मी गाईडला थांबवून परत सांगायला लावलं, कारण मला तोच भाग ऐकायचा होता. तोडलेले बांबू त्यांनी समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवले. वर्षभर. जे किडले ते किडले, वर्षानंतर उकरून जे धड निघाले तेवढेच घेतले.

हे ऐकल्यावर मावसभाऊ माझ्याकडे बघायला लागला आणि मी त्याच्याकडे. आमच्या गावात आजही जुनी माणसं बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडतात आणि खाडीच्या पाण्यात नाहीतर व्हाळात बुडवून ठेवतात, कारण किडीला बांबू नको असतो, बांबूतलं सत्त्व हवं असतं, त्यातली साखर, पीठ. ते पाण्यात झिरपून गेलं की भुंग्याला खायला काही उरत नाही. सेरांच्या वाळूतही खारं पाणी तेच काम करत असणार. स्पेनमधून आलेल्या माणसाला हे कुणी सांगितलं असेल? गावातल्याच कुणीतरी, मला तर दुसरं काही वाटत नाही. तसं कुठे लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, पण बांबूचं हे शहाणपण बांबूच्या बेटाशेजारी राहणाऱ्यांकडेच असतं.

१८२१ ला ऑर्गन वाजायला लागला, पण कर्ण्यांशिवाय. ते कर्णे काही बांबूतून जमेनात, त्यांचा आवाज धातूतूनच येतो, म्हणून ते धातूचे करून १८२४ मध्ये बसवले आणि तेव्हा काम पुरं झालं. आठ वर्षं!

पुढची शंभर वर्षं वाचताना मात्र वाईट वाटतं. मनिलाचा भाग म्हणजे भूकंप आणि वादळं. १८६३ चा मोठा भूकंप, मग १८८० चा. छप्पर गेलं, पाऊस थेट ऑर्गनवर. शेवटी तो वाजायचा बंद झाला आणि गावातल्या लोकांनी नळ्या काढून चर्चच्या आतल्या खोलीत नेऊन ठेवल्या. म्हणजे बघा, वाजत नाही, दुरुस्त करणारा कुणी नाही, पैसे नाहीत, आणि बांबूच तर आहे, चुलीत घातला असता तर कुणी विचारलं नसतं. पण ठेवला त्यांनी. वर्षानुवर्षं तसाच पडून होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फादर व्हिक्टर फानिएल तिथे आले, त्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी खटपट करून थोडाफार तरी परत वाजता केला. मला या सगळ्या गोष्टीत सेरांइतकीच ती नळ्या उचलून ठेवणारी माणसं मोठी वाटतात, त्यांची नावं कुठेच नाहीत.

खरी मोठी दुरुस्ती १९७३ मध्ये. तेव्हा ठरलं की ऑर्गन उतरवून जर्मनीत पाठवायचा, बॉन शहरात, क्लाइस नावाच्या ऑर्गन बांधणाऱ्यांकडे, ज्यांचं हे काम १८८२ पासून घराण्यात चालत आलंय. आता अडचण काय, तर दीडशे वर्षं दमट हवेत राहिलेला बांबू जर्मनीच्या कोरड्या थंडीत नेला तर तडकणार. आपण हार्मोनियम कोकणातून पुण्याला नेली तरी तिचे सूर कुरकुरतात, इथे तर सातासमुद्रापार. म्हणून त्यांनी तिकडे एक खास खोली केली, फिलिपिन्सइतकी गरम आणि फिलिपिन्सइतकी दमट, आणि त्या खोलीत नळ्या ठेवून काम केलं. बॉनच्या हिवाळ्यात, बाहेर गारठा आणि आत लास पिन्यासची हवा, त्यात घाम पुसत बांबूच्या नळ्या जुळवणारे कारागीर, मला हे चित्र डोळ्यापुढून हलेना. त्याच सुमाराला इकडे चर्चसुद्धा आर्किटेक्ट फ्रान्सिस्को मन्योसा आणि त्यांचे भागीदार लुदविग अल्वारेझ यांनी जुन्या रूपात आणलं. मार्च १९७५ मध्ये ऑर्गन घरी आला आणि ९ मे १९७५ ला त्याची पहिली मैफल झाली. दुसऱ्या वर्षापासून दर फेब्रुवारीत तिथे बांबू ऑर्गनचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो.

पण मला सगळ्यात भावलं ते याच्या पुढचं. २००३-०४ मध्ये पुन्हा दुरुस्तीची वेळ आली, तेव्हा ऑर्गन कुठेही गेला नाही. लास पिन्यासमध्येच आता ऑर्गन बांधणारी आणि दुरुस्त करणारी मंडळी तयार झालीयत, युरोपात जाऊन ही विद्या शिकून आलेली, आणि त्यांनी आपल्या कंपनीला नाव दिलंय दिएगो सेरांचंच. त्यांनी ते काम गावातच केलं. गाईड हे सांगताना इतका खुलला होता, हात हलवून हलवून सांगत होता, की मी प्रश्न विचारायचे सोडून ऐकतच राहिले. त्याच सुमाराला, २००३ मध्ये, देशाने या ऑर्गनला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून जाहीर केलं.

मग गाईडने ऑर्गन वाजवून दाखवला. कीबोर्ड एकच आहे, आणि दोन्ही बाजूंना ओढायच्या खुंट्या, आपल्या पेटीचे स्टॉपर असतात ना, तोच प्रकार, पण इथे एकेक खुंटी म्हणजे नळ्यांची एकेक रांग उघडते. भाता पूर्वी माणूस हाताने चालवायचा, आता मोटर आहे. गंमत म्हणजे बऱ्याच खुंट्या अर्ध्या अर्ध्या आहेत, पट्ट्यांच्या डाव्या भागाला एक आवाज आणि उजव्या भागाला दुसरा, त्यामुळे एकाच कीबोर्डवर डाव्या हातात बांबूची बासरी आणि उजव्या हातात कर्णे असं होऊ शकतं. त्याने आधी नुसते बांबू वाजवले, एकेक स्वर. स्वर सुरू होताना अगदी बारीक 'फू' ऐकू येतो, फुंकर लागतेय ती, आणि मग स्वर भरतो. मग कर्णे उघडले, आणि आम्ही नेमके त्यांच्या समोर! मावसभाऊ दोन पावलं मागे सरला. शेवटी एक खुंटी ओढली तर पाखरांचा किलबिलाट, खराखुरा, खाली बाकावर बसलेल्या एका छोट्या मुलीने मान वर करून छताकडे बघितलं.

तो वाजवत होता आणि मला सारखी आमच्या जत्रेतली पायपेटी आठवत होती. दशावतार बघितलेल्यांना सांगायला नको, एका बाजूला बसलेला पेटीवाला, पायाने भाता मारतोय, रात्रभर, पहाटे राक्षस मरेपर्यंत. आमच्या आजोबांची अशी एक पायपेटी होती. ते गेल्यावर ती माळ्यावर गेली, आणि कुणाला काढून टाकायचं मन झालं नाही म्हणून तिथेच आहे. बांधणीचं म्हणाल तर तिच्यात नळ्या नसतात, पितळी सूर असतात, पातळ पट्ट्या हवेने थरथरतात. पण इथल्या त्या कर्ण्यांच्या बुडाशीही तशीच पितळी जीभ असते, हे गाईडने सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं, म्हणजे नातं आहे.

परतीच्या वाटेवर गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली, मग तिथूनच आईला व्हॉट्सअॅप कॉल लावला आणि म्हटलं, माळ्यावर जाऊन पेटीचा फोटो पाठव ना. आई आधी रागावली, या वयात शिडी चढायला लावतेस म्हणून, पण शेजारच्या मुलाला चढवलं तिने. फोटो आला. भाता उंदरांनी कुरतडलाय, तीन पट्ट्या निखळल्यात, कपाटाचं लाकूड मात्र धड आहे. आणि आईने खाली लिहिलं होतं, सूर पेटीत नाहीत, ते आजोबांनी काढून बिस्किटाच्या डब्यात ठेवलेत, कापसात गुंडाळून, डबा माझ्या कपाटात आहे.

मे महिन्यात गावाला जातोय, दोघंही. कुडाळ-सावंतवाडी भागात पायपेटीचा भाता नव्याने बसवून देणारं, सूर लावून देणारं कुणी माहीत असेल तर मला नक्की कळवा.