शोरूममध्ये सोळा लाख, मग दारात एकोणीस कशी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी, घेतल्यापासून हा प्रश्न मला ऑफिसात विचारलाय, लग्नाच्या पंगतीत विचारलाय, आणि परवा भोरच्या मावसभावाने फोनवर विचारला: "दादा, किंमत सोळा सांगतात आणि कोटेशन एकोणीसचं देतात. मधले तीन लाख कुणाचे?" याचं उत्तर तोंडी देता येत नाही, कागद-पेन लागतं. आज ते घेऊन बसलोय.

मुळात ते सोळाही पूर्ण गाडीचे नसतात. शोरूमची किंमत जीएसटी धरूनच सांगतात. मोठ्या इंजिनाच्या डिझेल फोर बाय फोरवर आज ४० टक्के जीएसटी आहे. म्हणजे १६ लाखांतली गाडी ११ लाख ४२ हजार ८५७ रुपयांची, आणि ४ लाख ५७ हजार १४३ रुपये कर. त्यावर महाराष्ट्रात पासिंग करताना आरटीओचा एकरकमी कर लागतो. डिझेल गाडीला १० लाखांपर्यंत १३ टक्के, १० ते २० लाखांत १४ आणि त्यापुढे १५. पेट्रोलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के कमी. आपल्या गाडीला झाले २ लाख २४ हजार. हे १४ टक्के जीएसटी धरलेल्या किमतीवर मोजतात. त्यातले १ लाख ६० हजार गाडीवरचे आणि ६४ हजार निव्वळ करावरचा कर. दोन्ही कर मिळून पावणेसात लाखांच्या वर जातात. साडेअकरा लाखांच्या वस्तूवर! विमा, फास्टॅग आणि नोंदणीची फी धरली की मावसभावाचे एकोणीस पुरे होतात.

आता मला खरंच खुपणारी गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांवरचा उपकर गेला आणि जीएसटीचे दोनच दर उरले. चार मीटरच्या आत लांबी आणि १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतचं डिझेल इंजिन असेल तर १८ टक्के. पेट्रोल-डिझेलच्या बाकी सगळ्या मोटारींना ४०. आधी महिंद्राच्या मोठ्या इंजिनाच्या डिझेल थारवर उपकरासकट ४८ टक्के होते, त्यामानाने ओझं हलकं झालं, हे मान्य. पण नियम लांबी आणि इंजिन विचारतो, गाडी कुठल्या रस्त्यावर चालणार ते विचारत नाही. तीन दारांची थार ३९८५ मिलिमीटर लांब आहे. मारुतीची जिमनीही बरोबर तेवढीच. दीड लिटर डिझेलची थार १८ टक्क्यांत बसते, पण तिची फक्त मागची चाकं ओढतात. जिमनीला चारही चाकांचा जोर आहे, पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ४० टक्के. चारही चाकांना जोर असलेली थार हवी तर इंजिन मोठं, तिथेही ४०. माझ्या शेताकडे जाताना वेल्ह्याच्या पुढे शेवटचे दोन किलोमीटर जून ते सप्टेंबर लाल चिखल असतो. तिथे चार चाकांचा जोर ही गरज आहे, आणि तीच गरज चैनीच्या दराने मोजली जाते. आमच्या वाडीतल्या बाळंतिणीला रात्री खाली आणायचं तर हीच गाडी लागते. हा दर कमी व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

तोवर जे आपल्या हातात आहे ते बघा. आरटीओचा टप्पा ओलांडला की नवा दर सगळ्या रकमेला लागतो. १९ लाख ९५ हजारांच्या डिझेल गाडीला २ लाख ७९ हजार ३०० कर. २० लाख ५ हजारांच्या गाडीला ३ लाख ७५०. गाडी दहा हजारांनी महाग, कर साडेएकवीस हजारांनी जास्त. वरचं मॉडेल निवडताना दुसराही हिशोब घाला. कंपनीतूनच मोठा स्क्रीन, चांगले स्पीकर लावून आलेल्या गाडीत त्या स्क्रीनवरही ४० टक्के आणि वर आरटीओ. तीच वस्तू नंतर बाहेरून बसवली तर १८ टक्के, आणि आरटीओ नाही. डिफरन्शियल लॉक, म्हणजे एक चाक चिखलात नुसतं फिरत राहिलं तरी दुसऱ्याला जोर देणारी सोय, मात्र कंपनीचंच घ्या, त्यात काटकसर नको. आणि उंची वाढवणं, फार मोठे टायर घालणं यांत कायद्याची अडचण येते, कारण नोंदणीच्या कागदावरची मूळ रचना बदलता येत नाही.

कोटेशनची प्रत्येक ओळ बोटाखाली धरून वाचा. माझ्या वेळी एका डीलरने 'हँडलिंग' म्हणून काही हजार लावले होते. पावती कशाची, असं दोनदा विचारल्यावर ती ओळ निघाली. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने सरकारसाठी गोळा केलेला कर, घेतात. आपल्या गाडीला १६ हजार. तो खर्च नव्हे. तुमच्या पॅनवर जमा झालेला तो आयकर आहे, विवरणपत्र भरून वळता होतो किंवा परत मिळतो. कित्येकजण तो मागतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरचे दर काढाच. पण 'रिटर्न टू इन्व्हॉइस' हे कलम वगळू नका. नेहमीच्या पॉलिसीत गाडी शोरूमच्या किमतीतून पाच टक्के वजा करून धरतात, आरटीओचा कर त्यात नसतो. गाडी दरीत गेली तर ते सव्वादोन लाखही गेले. हे कलम असेल तर ते भरून मिळतात. घाटात गाडी घालणाऱ्याने तरी ते घ्यावंच.

मावसभावाला मी शेवटी एकच विचारलं, तुझ्या शेतापर्यंत रस्ता कसा आहे? त्याच्याकडे मागच्या वर्षी सिमेंटचा झालाय. त्याने मागच्या चाकांची, १८ टक्क्यांतली घेतली. आता पावसाळ्यात माझ्याकडे येताना तो ती ओढ्याच्या पुलाशी लावतो आणि पुढचे दोन किलोमीटर माझ्या गाडीत बसतो.