आधी आर्किटेक्ट, मग माया संस्कृती

बडोद्याच्या दांडिया बाजारात माझ्या घरी पुरातत्त्वाची मुलं खापरांची चित्रं काढायला शिकायला येतात. परवा एकाने विचारलं, "बेन, फोटो पाडी लईए तो न चाले?" म्हणजे चित्राऐवजी फोटो काढला तर चालणार नाही का? नाही चालत. फोटोत भांड्याच्या भिंतीची जाडी दिसत नाही, काठ आत वळलाय की बाहेर तेही नीट कळत नाही. पण चित्रं काढणारे वेगळे आणि विचार करणारे वेगळे, हा समज आपल्याकडे मुरलेला आहे. मी आयुष्यभर रेखाटनच केलं, मला तो मान्य नाही. म्हणून त्या मुलाला मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया संस्कृतीच्या अभ्यासक तात्याना प्रोस्कुरियाकोफ यांच्याबद्दल सांगितलं.

जन्म १९०९चा, सायबेरियातल्या तोम्स्कचा. अमेरिकेत वाढल्या, १९३० मध्ये आर्किटेक्ट झाल्या, आणि मंदीमुळे कामच मिळेना. शेवटी पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयासाठी चित्रं काढू लागल्या, १९३६ मध्ये ग्वातेमालातल्या पिएद्रास नेग्रास या माया शहराच्या उत्खननावर गेल्या. पडक्या इमारती मूळच्या कशा दिसत असतील ते काढायचं. जिना कुठून चढतो, कुठला शिलास्तंभ कुठल्या इमारतीपुढे उभा होता, हे ठरल्याशिवाय तिथे पेन्सिल पुढे सरकत नाही.

तोवर एरिक थॉम्पसन यांच्यासारखे मोठे अभ्यासक मानत की माया शिलालेखांत फक्त कालगणना आणि देवदेवता आहेत. तात्यानाबाईंनी स्तंभ इमारतींप्रमाणे गटांत लावले. प्रत्येक गटाच्या सुरुवातीच्या स्तंभावर उंच कोनाड्यात बसलेली व्यक्ती आणि खाली शिडी. एका गटातल्या सगळ्या तारखा एका माणसाच्या आयुष्यात मावणाऱ्या! म्हणजे हे देव नव्हेतच, राजे आहेत: जन्म, राज्यारोहण, मग पुढचा राजा. पायघोळ झग्यातल्या ज्या आकृतींना पुरोहित समजत, त्या स्त्रिया आहेत हेही त्यांनीच दाखवलं. राजांबद्दलचा त्यांचा निबंध १९६०चा. लिपीचा उच्चार एकदाही न लावता केलेलं हे काम आहे, आणि खुद्द थॉम्पसन यांनी ते मान्य केलं. स्तंभ कशापुढे उभा आहे हे आधी विचारायला नकाशा काढणाऱ्याचीच नजर लागते, असं मी अगदी ठामपणे म्हणते.

पुढे हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात त्यांनी मेक्सिकोतल्या चिचेन इत्सा या माया शहराच्या पवित्र कुंडातून निघालेल्या जेडच्या (हिरव्या मौल्यवान दगडाच्या) वस्तू हाती घेतल्या. फुटलेले, आगीने तडकलेले तुकडे वर्षानुवर्षं जुळवले आणि १९७४ मध्ये त्यावर ग्रंथ काढला. एवढं नाव झाल्यावरही त्या तुकड्यांपाशी बसल्या. राजांच्या शोधाइतकंच मला हे काम मोठं वाटतं.