ट्वा कॉर्बीज : तिसरा आठवडा आणि चालीचा घोळ

‘ट्वा कॉर्बीज’ म्हणजे ‘दोन डोमकावळे’, हे जुनं स्कॉटिश कथागीत मी शिकतोय. त्याची पाचही कडवी आता कागद न बघता म्हणता येतात. चौथ्यात मात्र अजून जीभ अडखळते. तिथे एक डोमकावळा दुसऱ्याला सांगतो, तू त्याच्या मानेच्या हाडावर बस, मी निळे डोळे टोचून काढतो आणि सोनेरी केसांची बट नेऊन घरटं शाकारू. मूळ स्कॉट्स शब्द ‘थीक’. त्याला ‘शाकारणं’ सापडलं त्या दिवशी कडवं निम्मं पाठ झालं. ‘फेल डाइक’ही असाच, गवताच्या ढेकळांचा बांध. त्याच्या आड नुकताच मारला गेलेला सरदार पडलाय. आपल्याकडे कावळा पिंडाला शिवण्याची वाट बघतात. इथे तो थेट जेवणाचा बेत आखतो.

शब्द छापील रूपात आले वॉल्टर स्कॉटच्या ‘मिन्स्ट्रेल्सी ऑफ द स्कॉटिश बॉर्डर’ या गीतसंग्रहाच्या तिसऱ्या खंडात, 1803 साली. फ्रान्सिस चाइल्डच्या कथागीतांच्या संग्रहात याचं कुटुंब, म्हणजे एकाच गोष्टीची वेगवेगळी रूपं, 26 व्या क्रमांकावर आहे. त्याच कुटुंबातलं इंग्रजी भावंड ‘थ्री रेव्हन्स’ (तीन डोमकावळे) संगीतकार रेव्हन्सक्रॉफ्टने 1611 मध्येच ‘मेलिस्माटा’ या गाण्यांच्या पुस्तकात सुरावटीसकट छापलं होतं. तिथे कुत्री धन्याची राखण करतात, ससाणे कुणाला जवळ फिरकू देत नाहीत आणि एक गाभण हरिणी त्याला पाठीवर नेऊन पुरते. स्कॉटिश गाण्यात कुत्रा शिकारीला गेला, ससाणा पाखरं आणायला गेला आणि बाईसाहेबांनी दुसरा जोडीदार केला. तो तिथे पडलाय हे फक्त या तिघांनाच ठाऊक. मग बाईंना कसं ठाऊक? गाणं गप्प बसतं. मला हे स्कॉटिश भावंडच जास्त आवडतं.

आता चाल. मी ती शेकडो वर्षं जुनी स्कॉटिश चाल समजून गात होतो. परवा ब्रेटन गायक ॲलन स्टिव्हेलची, पॅरिसच्या ऑलिम्पिया सभागृहातल्या मैफलीची 1972 ची रेकॉर्ड लावली आणि ‘आन आलार्क’ सुरू होताच उठून बसलो. अरे, ही तर आपलीच! म्हणजे खरं तर त्यांची. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातलं, तिथल्या ब्रेटन भाषेतलं हे गाणं, नावाचा अर्थ ‘हंस’, विषय 1379 मध्ये इंग्लंडहून परतलेला ब्रिटनीचा ड्यूक झाँ. विसाव्या शतकाच्या मध्यात मॉरिस ब्लाइथमन या स्कॉटिश कवी-शिक्षकाने ती चाल या शब्दांना लावली. हंसाची चाल कावळ्यांना! आणि ती अशी चिकटली की आज दुसरी ऐकायला मिळणं कठीण.

रेकॉर्डिंगांपैकी रे आणि आर्ची फिशर या भावंडांची 1961 ची ईपी (मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड) रोज एकदा ऐकतो. स्टीलाय स्पॅन या इंग्रजी फोक-रॉक बँडने 1970 मध्ये ‘हार्क! द व्हिलेज वेट’ या अल्बमवर हे गाणं घेतलंय, तेही छान आहे, पण शिकायला फिशरच बरे, शब्द सुटे ऐकू येतात.

सरावात गिटार बाजूला ठेवली. कॉर्ड बदलायच्या नादात ओळींचा श्वास तुटत होता. आता फोनवर तानपुरा काळी एकला लावतो आणि नुसता गातो. शेवटच्या कडव्यात उघड्या हाडांवरून वारा वाहतो, तिथे आवाज आपोआप चढतो माझा. तो खाली ठेवायचा हे या आठवड्याचं काम. ते जमलं की 1611 ची सुरावट उतरवायला घेईन.